दगड नंतर, आधी काकूंच्या हातचा चहा

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय:

"मावशी, मी ४७ वर्षांची, कोल्हापूरचीच. आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती, पप्पा मंडळीत एल्डर होते, दोन वर्षांपूर्वी गेले. गेल्या २ नोव्हेंबरला कबर धुवायची म्हणून बादली खराटा घेऊन मी सकाळी लवकर एकटीच दफनभूमीत गेले, तर पार कंपाउंडच्या भिंतीला लागून एक म्हातारी शहाबादी फरशीचा तुकडा पदरानं पुसत बसलेली, समोर उदबत्ती लावलेली. हाताची बोटं झडलेली. माझ्याकडं बघून म्हणाली, 'थोरल्या भावजींची लेक न्हवं का तू? नाक त्यांचंच हाय.' मी दोन पावलं मागं सरले मावशी, आणि ते त्यांनी बघितलं. मग त्यांनीच तोंडावर पदर घेतला आणि बाजूला होऊन मला वाट दिली.

त्या माझ्या काकू. पप्पांना एक धाकटा भाऊ होता एवढं माहीत होतं पण घरात नाव काढायचं नाही असा नियम. आता आत्यानं सांगितलं, काकांच्या अंगावर कुष्ठरोगाचे चट्टे उठले तसं त्यांचं जर्मनचं ताट वेगळं केलं, ते परसात पेरूखाली असायचं, आजी वरनं वाढायची. १९६६ ला ते घरातनं गेले, अठरा वर्षांचे होते. पुढं कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहिले, तिथंच लग्न केलं, काकू चिकोडीकडच्या, ख्रिस्ती नाहीत. २००४ ला काका वारले, आमच्यातलं कोणी मातीला गेलं नाही, वसाहतीतल्या चारजणांनी संध्याकाळी आणून पुरलं. आमच्या घरच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानांवर आजोबांच्या हातचं सगळ्यांचं लिहिलेलं आहे, काकांचा जन्म १९४८, बाप्तिस्मा १९४८, त्याच्यापुढं काहीच नाही.

मला त्यांच्यावर चांगला ग्रॅनाइटचा दगड बसवायचाय, आणि यंदाच्या स्मरणाच्या उपासनेत त्यांचं नाव वाचायला सांगायचंय. दादा म्हणतो मेलेल्यांसाठी प्रार्थना आपल्यात नसते, शिवाय त्याच्या मुलीचा डिसेंबरला साखरपुडा आहे, पोराकडच्यांना कळलं तर काय, आणि ती बाई कबरीवर उदबत्ती लावते हे पाळकसाहेबांना चालणार आहे का. पप्पा शेवटचे दोन दिवस भ्रमात होते, सारखं म्हणत होते, 'ताट आत घ्या, पाऊस आला.' तेव्हा कुणालाच काही कळलं नाही. आता मला रात्री झोप लागत नाही. दादाला न सांगता दगड बसवू का?
– पुतणी"

पोरी, तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ताटापाशी थांबले. माझं वय आता ६९, त्यातली ३४ वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग केलंय, परसातली ताटं मी ऐकून होते आणि बघूनही होते, पण मरताना कुणाला ते ताट आठवलं असं पहिल्यांदाच ऐकतेय.

तू सरळ प्रश्न विचारलायस तर सरळ सांगते, दगड आत्ता बसवू नको. बसवायचा नाही असं नाही म्हणत मी, बसवायचाच आहे, पण तो नंतर. आधी काकूंच्या घरी जा आणि त्यांनी केलेला चहा पी. का म्हणतेय ते सांगते जरा बैजवार, घाई करू नको.

तू पत्रात काकांबद्दल भरपूर लिहिलंयस, जन्म कधी, गेले कधी, पुरलं कुणी, काकूंबद्दल मात्र चार ओळी, आणि त्या राहतात कुठं, कुणाबरोबर, त्यांचं जेवणखाण कोण बघतं यातलं एक अक्षर नाही. मी तुला दोष देत नाहीये बरं का, आपण सगळ्याच अशा करतो, गेलेल्या माणसावर प्रेम करणं सोपं पडतं, ते चहाला बोलवत नाही, त्याच्या हातचं खावं लागत नाही. काका आता मातीत आहेत, त्यांना ग्रॅनाइटनं फरक पडत नाही. पण वीस वर्षं जी बाई ती फरशी पदरानं पुसतेय ती एक दिवस येऊन बघेल की तिची फरशी कुणीतरी काढून टाकलीय आणि तिथं चकचकीत दगड बसलाय आणि तिला कुणी विचारलंही नाही, तर तिला काय वाटेल सांग. पहिल्यांदा त्या घरानं तिचा नवरा टाकला आणि आता मेलेला नवरा परत घेतला, तिला वगळून.

तू मागं सरलीस त्याबद्दल बोलू. मीपण सरलेय. शिकाऊ होते तेव्हा, वॉर्डात एका आजोबांच्या पायाची जखम धुवायची होती, मोठ्या सिस्टर माझ्याकडं बघत उभ्या, आणि मी ट्रे खाली ठेवला नि बाहेर जाऊन नळाखाली हात धूत बसले, हात लावलेलाच नव्हता तरी. दुसऱ्या दिवशी गेले, पाय हातात घेतला, जखम साफ केली. आजोबा म्हणाले, "सिस्टर, तुमचा हात लागलेला मला कळत न्हाई, पन दिसतोय." ते वाक्य घेऊन मी ३४ वर्षं नोकरी केली म्हटलं तरी चालेल. तर तू मागं सरलीस, ठीक आहे, तो दिवस गेला. काकूंनी ते बघितलंय म्हणून आता त्यांनी दुसरंही काहीतरी बघायला पाहिजे.

भीती कसली वाटली ते मला माहितीय म्हणून थोडं दवाखान्याचं सांगते, दादालाही वाचून दाखव. हा रोग जंतूचा आहे, हॅन्सन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरनं तो जंतू १८७३ सालीच शोधला. पापाचा नाही, शापाचा नाही, रक्तातनं बापाकडनं पोराकडं जाणारा नाही. बहुतेक माणसांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद जन्मतःच असते, म्हणून वर्षानुवर्षं त्या वॉर्डात काम केलेल्या आम्हा बायकांना तो झाला नाही. १९८० नंतर दोन-तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली, एमडीटी म्हणतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, कुणाला सहा महिने कुणाला वर्षभर, आणि औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण व्हायची भीती जवळजवळ संपते. मग बोटं का झडलेली असतात? तर बोटं काही रोगानं गळून पडत नाहीत, रोगानं नसा मरतात, हाताला चटका कळत नाही, काटा कळत नाही, जखम होते आणि चिघळते, पुन्हा होते, असं होत होत हाड झिजतं. रोग केव्हाच बरा झालेला असतो, हात तसाच राहतो. तुझ्या काकू म्हणजे बरी झालेली बाई आहे. तिच्या हाताकडं बघून आपण तिला आजारी म्हणतो, हे म्हणजे पाय मोडून लंगडत चालणाऱ्याला आज पडला म्हणण्यासारखं झालं.

काका घरातनं गेले त्या काळात या रोगावर डॅप्सोन नावाच्या औषधाच्या गोळ्या होत्या पण वर्षानुवर्षं खायला लागायच्या, लोकांचा धीर सुटायचा. आणि कायदासुद्धा माणसाच्या विरुद्ध होता, १८९८ चा कुष्ठरोग्यांचा इंग्रजी कायदा, माणसाला कोंडून ठेवता येईल असा, तो पुस्तकातनं निघाला २०१६ ला. नवऱ्याला किंवा बायकोला हा रोग झाला म्हणून काडीमोड घेता येत होता, आपल्या ख्रिस्ती लोकांच्या १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यातही ते कलम होतं, ते काढलं २०१९ ला. म्हणजे बघ, औषध येऊन तीसपस्तीस वर्षं झाली तरी कायद्याचं ताट परसातच होतं. तुझ्या आजोबांना, पप्पांना एकट्याला गुन्हेगार करू नको एवढ्यासाठी सांगतेय.

आता आपल्या शास्त्राकडं येऊ. मार्कच्या पहिल्याच अध्यायात तो माणूस येशूकडं येतो, गुडघे टेकतो, म्हणतो तुमची इच्छा असली तर मला शुद्ध करू शकाल. (बायबलातलं कुष्ठ म्हणजे दरवेळी आपला हा हॅन्सनचाच रोग असं नाही, जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या १३ आणि १४ अध्यायांत तो शब्द कापडाला आणि घराच्या भिंतीलासुद्धा लावलाय, कातडीचे बरेच रोग त्यात धरले जायचे, पण माणसाला वस्तीबाहेर काढायची रीत एकच.) येशूला कळवळा आला असं आपल्या मराठीत आहे. मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरनं आलाय असं एका पाळकांनी आम्हाला शिकवलं होतं, आणि मला ते ऐकून इतकं बरं वाटलं, कारण आपण कोल्हापूरकर तरी दुसरं काय म्हणतो, आतडं तुटलं म्हणतो. तर येशूचं आतडं तुटलं, आणि त्यानं काय केलं तर हात पुढं करून त्याला शिवला. तो नुसता शब्दानं बरं करू शकत होता, दुसरीकडं केलंयही तसं, लूकच्या सतराव्यात दहाजण लांब उभे होते, त्यांना लांबूनच बरं केलं. पण या एकट्याला शिवला, आणि शिवला तेव्हा तो माणूस अजून बरा झालेला नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. आधी स्पर्श, मग शुद्ध. आपण उलटं करतो, आधी सर्टिफिकेट दाखव म्हणतो.

त्या दहाजणांतला परत फिरून पाया पडला तो एकटा आणि तो शोमरोनी, परका. तुमच्या घरातली बाप्तिस्मा झालेली, प्रभुभोजन घेणारी किती माणसं असतील, वीस? त्यातलं एक वीस वर्षांत त्या भिंतीपाशी गेलं नाही आणि चिकोडीची ही बाई उदबत्ती घेऊन येते. दादाला म्हणावं उदबत्तीचा विषय आत्ता काढू नको. कबरीवर धूप लावायचा की नाही हा वाद मंडळीत बसून करायला हरकत नाही, माझं मत विचारशील तर मी लावत नाही, पण तिला आपल्यातलं कुणी काही शिकवलंच नाही तर ती तिच्या आईनं शिकवलेलंच करणार ना. तिला मेणबत्ती कुणी दिली होती का. तू २ तारखेला जाताना दोन मेणबत्त्या ने, एक तिच्या हातात दे, आणि तिची उदबत्तीही जळू दे.

आणि एक, हे जरा लागेल पण बोलते. आपल्या या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांचे पणजोबा कुठनं आलेत? वाइल्डरसाहेब, अमेरिकन मिशनरी, १८५२ ला कोल्हापुरात आले, पुढं शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, आणि बाप्तिस्मा घेणाऱ्यांत बरेचजण गावकुसाबाहेरचे होते, ज्यांची सावली चालत नव्हती, ज्यांना पाणी वरनं ओतत होते. इब्री लोकांस पत्रात शेवटच्या अध्यायात येशूनं वेशीबाहेर दुःख सोसलं असं आहे, आणि लगेच पुढं म्हटलंय की आपणही छावणीच्या बाहेर त्याच्याकडं जाऊ या. वेस म्हणजे काय हे इंग्रजाला नकाशा काढून सांगावं लागेल, आपल्या आजोबांना ते पायाला माहीत होतं. त्याच घरांत परसात पेरूखाली ताट ठेवलं गेलं आणि आजी वरनं वाढायची. मला वाटतं पप्पांना शेवटी हेच छळत असणार, एल्डर माणूस, चाळीस वर्षं लोकांना भाकर वाटत उभं राहिलेला.

कोल्हापूरच्या माणसाला चहाचं महत्त्व मी सांगायला नको खरं तर. गंगाराम कांबळ्यांनी भाऊसिंगजी रोडला हॉटेल काढलं, अस्पृश्य म्हणून कोणी फिरकेना, तर शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा प्यायचे, बरोबरच्या बड्या लोकांनाही पाजायचे. महाराजांनी पैसे दिले असते आणि गप्प बसले असते तर कांबळ्यांचं पोट भरलं असतं, हॉटेल चाललं नसतं. पैसे देणाराचा हात वर राहतो. चहा पिणाऱ्याला कप त्याच्या हातनं घ्यावा लागतो. येशूवरही लोकांचा राग तो दानधर्म करतो म्हणून नव्हता, जकातदारांबरोबर जेवतो म्हणून होता. तुझे पंधरा-वीस हजार दगडाला जातील, चांगले जातील, पण ते देणं झालं. काकूंना देणारी माणसं आयुष्यभर भेटलीत, ब्लँकेट वाटणारी, नाताळला केक वाटणारी, फोटो काढणारी. त्यांच्या घरी बसून दुसरा कप मागणारी किती भेटली असतील.

म्हणून जाताना काही मोठं नेऊ नको. भडंग ने, केळी ने, बास. हातमोजे मास्क काही नको. त्या खाली बसल्या तर तू खुर्चीवर बसू नको. चहा त्या करतील, करू दे, उठून "राहू द्या मी करते" म्हणू नको, त्यांना वेळ लागेल, कप दोन तळव्यांत धरून आणतील, मध्ये फडकं असेल कारण गरम कळत नाही, तू त्या फडक्यासकट त्यांच्या हातांखाली हात धरून कप घे. सांडला तर सांडू दे. पहिल्या दिवशी माफीबिफीचं भाषण करू नको, ते आपलं मन हलकं करायला असतं, तू फक्त सांग की मी त्या दिवशी मागं सरले, मला भीती वाटली, आता वाटत नाही. आणि मग काकांबद्दल विचार. त्यांना काय आवडायचं, गायचे का, कुठल्या गोष्टीवर चिडायचे. तुमच्या घरात या माणसाचं १८ वर्षांपर्यंतचंच आयुष्य शिल्लक आहे, पुढची ३८ वर्षं सगळी त्या बाईपाशी आहेत.

दोनचार वेळा जाणं झालं की मग पायाकडं बघ. तळव्याला जखम असेल तर त्या लपवतील. रोज वीसएक मिनिटं साध्या पाण्यात पाय भिजवायचे, कडक कातडी हळू घासायची, ओल्या पायालाच तेल किंवा व्हॅसलिन, आणि मऊ रबरी सोलची खास चप्पल, एमसीआर म्हणतात तिला, ती सरकारी कुष्ठरोग विभागाकडनं मिळते, कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात चौकशी केलीस तरी कुठं जायचं ते सांगतील. यात कंटाळा करू नये, पायाची जखम म्हातारपणी फार वाईट.

आता दादाचं. मेलेल्यांसाठी प्रार्थना आपल्यात नाही, हे तो बरोबर बोलतोय, त्याला खोटं पाडू नको. आपली मंडळी प्रेस्बिटेरियन वळणाची, युरोपातल्या धर्मसुधारणेच्या काळापासनं आपण प्रोटेस्टंट असं मानतो की गेलेला माणूस देवाच्या हातात आहे, आपल्या मागणीनं त्याचं तिथलं काही बदलत नाही. कॅथलिक बंधुभगिनी मृतांसाठी मागतात, २ नोव्हेंबर हा त्यांच्याकडं सगळ्या मृत विश्वासणाऱ्यांचा दिवस, फ्रान्समधल्या क्लूनीच्या ओदिलो नावाच्या मठाधिपतीनं साधारण हजार वर्षांपूर्वी तो आपल्या मठांमध्ये सुरू केला आणि मग सगळीकडं पसरला. त्यांचं ते त्यांच्या ठिकाणी. पण मृतासाठी मागणं वेगळं आणि मृताबद्दल देवाचे आभार मानणं वेगळं, आभार तर आपणही मानतो, पप्पांच्या वेळी उपासना झाली तेव्हा तुम्ही काय केलं? त्यांच्या आयुष्याबद्दल आभार मानले, नाव घेऊन. मग काकांच्या आयुष्याबद्दल मानायला कुठलं शास्त्र आडवं येतं ते दादानं सांगावं. वधस्तंभावर शेजारच्या गुन्हेगारानं काय मागितलं, माझी आठवण करा एवढंच. गावानं वेशीबाहेर नेऊन टांगलेला माणूस, त्यानं सुटका नाही मागितली, आठवण मागितली, आणि त्याला त्याच दिवशीचा शब्द मिळाला.

साखरपुड्याची काळजी मात्र मी उडवून लावणार नाही. पोरीचं लग्न आहे, तिच्या आईबापाला धास्ती वाटणारच, आपल्या समाजात एवढंसं काही कळलं तरी बोलणी फिसकटतात हे मी बघितलंय. पण लपवलं आणि लग्नानंतर तिसऱ्याकडनं कळलं तर जास्त वाईट. माझं म्हणणं, दादानं पोराच्या आईवडिलांना घरी बोलावून स्वतः सांगावं, आमचे एक काका होते, त्यांना हा रोग झाला होता, तो आनुवंशिक नाही, आमच्या घरानं त्यांना टाकलं ती आमची चूक होती. एवढं ऐकून ती माणसं उठून गेली तर पोरीला कुठल्या घरात देत होतो ते साखरपुड्याआधी कळलं. आणि पोरीलाही विचारा की, ती शिकलेली आहे, तिचंही काही म्हणणं असेल. दादानं आत्ता नाही म्हटलं तर डिसेंबरपर्यंत उपासनेत नाव वाचायचं थांबव, मला चालेल, काका वीस वर्षं थांबलेत. काकूंकडं जायला मात्र कुणाची परवानगी घेत बसू नको, आणि चोरूनही जाऊ नको. जेवताना सगळ्यांसमोर सांगून जा, मी रविवारी काकूंकडं चाललेय, कोण येणार? पहिल्यांदा कोणी येणार नाही. वहिनी येईल नंतर, बघ, बायका आधी येतात.

दगड दादाला न सांगता बसवू का विचारलंस, तर नाही, न सांगता काही करू नको, या घरात न सांगता केलेल्या गोष्टी खूप झाल्या.

ते बायबलचं पान. मला त्याच्यासाठीच हे एवढं लिहावंसं वाटलं खरं. मत्तयाचं शुभवर्तमान सुरू होतं तेच नावांच्या यादीनं, आपण ते वाचताना उड्या मारत जातो, अमक्याला तमका झाला. पण त्यात बायका चार आलेल्यात मरियेच्या आधी, तामार, राहाब, रूथ, आणि चौथीचं तर नाव पण नाही, उरीयाची बायको म्हटलंय. तामारचं प्रकरण घरात कुणी सांगणार नाही असं, राहाब वेश्या, रूथ परदेशी विधवा, आणि उरीयाच्या बायकोबाबत दावीद राजानं काय केलं ते सगळ्यांना माहीत. लिहिणाऱ्यानं गाळली असती तर कोण विचारणार होतं, बाकी सगळी बापांचीच नावं आहेत. पण येशूच्या घरच्या पानावर ती आहेत, आणि दर नाताळात आपण ती मोठ्यानं वाचतो. तुझ्या आजोबांचं पान अर्धं राहिलंय. ते पूर्ण करायला कुठल्या कमिटीचा ठराव लागत नाही. काकांच्या नावापुढं लग्न लिही, काकूंचं नाव लिही, त्यांना नीट विचारून, माहेरचं नाव, गाव, आणि मग २००४. आजोबांच्या अक्षराखाली तुझं अक्षर बसेल. शक्यतो दादाकडनं लिहून घे, थोरला तो आहे, पण महिनाभर वाट बघून तो तयार नसला तर तूच लिही.

पप्पांबद्दल शेवटी. तुला त्यांचा राग येतोय, पत्रात तसं नाही लिहिलंयस पण दिसतंय, कबर धुवायची म्हणून लिहिलंयस, पप्पांची कबर असंही नाही लिहिलं. त्यांना भाऊ गेला तेव्हा वय काय असेल, वीस-बावीस? बापापुढं बोलायची टाप नव्हती त्या काळी. पुढं मोठे झाले, एल्डर झाले, तेव्हा बोलता आलं असतं, नाही बोलले, आणि औषध आल्यावर, भाऊ बरा झाल्यावरसुद्धा गेले नाहीत, हे पाप आहे आणि मी त्याला दुसरं नाव देणार नाही. पण त्या भ्रमात ते काय सांगत होते बघ ना, पाऊस आलाय, ताट भिजतंय, आत घ्या. साठ वर्षं तो माणूस त्या परसाच्या दारात उभा होता. टाकलेल्या माणसाकडं आतडं तुटून बघायचं म्हणतो आपण, तर टाकणाऱ्याकडंही बघावं लागतं, तोही आपलाच बाप. काकूंना सांग हे, पप्पा जाताना काय म्हणत होते ते. पहिल्या भेटीत नको, जरा ओळख झाल्यावर सांग. कदाचित त्या काही बोलणार नाहीत, कदाचित रडतील, कदाचित म्हणतील आता काय उपयोग, आणि तसं म्हणायचा त्यांना हक्क आहे, तू समजूत घालायला जाऊ नको, बसून राहा.

मग दगड. हे सगळं होईपर्यंत पुढचा नोव्हेंबर येईल, येऊ दे. ग्रॅनाइटच पाहिजे असं काही नाही, दगडवाल्याकडं काकूंनाच घेऊन जा रिक्षानं, त्यांना कुठला आवडतो तो घ्या, आणि ती शहाबादी फरशी फेकू नका, पायथ्याला बसवून घ्या, वीस वर्षं पुसलेली आहे. वर काय लिहायचं तेही त्यांनाच विचार, वचन घालायचं की नुसतं नाव, आणि नाव कुठलं, बाप्तिस्म्याचं की त्या ज्या नावानं हाक मारायच्या ते. वाचता येत नसेल त्यांना, तर कागदावर लिहिलेलं दोनदा मोठ्यानं वाचून दाखव, त्या हो म्हणाल्या की मग दगडवाल्याला दे.

– मावशी